समजून घ्या : खाशाबा जाधवांना ‘पद्म’ का मिळाला नाही? नियम कुठे आडवा येतो?

थोडक्यात
• स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारे खाशाबा जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. १५ जानेवारी २०२६ ही त्यांची जन्मशताब्दी.
• २०२५ पर्यंतच्या एकाही पद्म यादीत त्यांचे नाव नाही.
• मरणोत्तर पद्म पुरस्कारासाठी निधन साधारण वर्षभरातले असावे, असा संकेत आहे. खाशाबांचे निधन १९८४ मध्ये झाले.

गावची यात्रा असली की आखाडा भरतो आणि आखाडा भरला की जुन्या मल्लांचा विषय निघतोच. बारामती-इंदापूर पट्ट्यात वडगाव निंबाळकरपासून नीरा खोऱ्यातल्या कोणत्याही गावात गेलात तरी कुस्तीशौकीन मारुती माने मोठे की गणपतराव आंदळकर, यावर तास-तास वाद घालतील. एका नावावर मात्र सगळ्यांचे एकमत होते. खाशाबांवर अन्याय झाला, हे जुना वस्तादही सांगतो आणि मॅटवर सराव करणारा पोरगाही. अन्याय नेमका कुठे झाला आणि तो आता दुरुस्त होऊ शकतो का, याचे उत्तर भावनेपेक्षा नियमांत शोधावे लागते.

खाशाबांची कामगिरी नेमकी काय?

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट गटात सहावे आले. तोवर त्यांचा सराव मातीतला, मॅटची सवय नव्हती. चार वर्षांनी हेलसिंकीला ते ५७ किलोच्या बँटमवेट गटात, फ्रीस्टाइल प्रकारात उतरले आणि २३ जुलै १९५२ रोजी कांस्यपदकाचे मानकरी ठरले. त्या गटाचे सुवर्ण जपानच्या शोहाची इशी यांनी जिंकले.

या प्रवासासाठी पैसा कसा उभा राहिला, ही कथा कोल्हापुरात आजही सांगितली जाते. राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले आणि लोकांनी वर्गणी काढली. परतल्यावर कराडला बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. म्हणजे लोकांनी सन्मान तेव्हाच केला होता, प्रश्न सरकारी सन्मानाचा आहे.

या पदकाचे वजन दोन आकड्यांतून कळते. भारताला पुढचे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ४४ वर्षे लागली (लिअँडर पेस, १९९६). महाराष्ट्राला तर ७२ वर्षे लागली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या नेमबाज स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य जिंकले, तेव्हा ही प्रतीक्षा संपली.

मग सन्मान काहीच मिळाला नाही का?

मिळाला, पण बहुतेक मृत्यूनंतर. खाशाबा १९५५ मध्ये पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ते अपघातात त्यांचे निधन झाले. त्यानंतर राज्याचा शिवछत्रपती पुरस्कार आणि २००० सालचा अर्जुन पुरस्कार, दोन्ही मरणोत्तर देण्यात आले. दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातील कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचे नाव आहे. १५ जानेवारी हा दिवस राज्य सरकारने ‘राज्य क्रीडा दिन’ म्हणून जाहीर केला आहे.

‘पद्म’ची तुलना केली की चाहत्यांचा राग समजतो. १९९६ ते २००८ या काळात वैयक्तिक ऑलिंपिक पदक जिंकणाऱ्या सहाही जणांना पद्म पुरस्कार मिळालेला आहे : पेस, कर्णम मल्लेश्वरी, राज्यवर्धनसिंह राठोड, अभिनव बिंद्रा, सुशीलकुमार आणि विजेंदरसिंग. हा फरक केवळ काळाचा आहे, असेही म्हणता येत नाही. पद्म पुरस्कार १९५४ मध्ये सुरू झाले, ध्यानचंद यांना १९५६ मध्ये पद्मभूषण आणि मिल्खासिंग यांना १९५९ मध्ये पद्मश्री मिळाली. त्याच दशकातले खाशाबा मात्र राहून गेले. त्यानंतरही ते २५ वर्षे हयात होते.

नियम काय सांगतो?

पद्म पुरस्कार सामान्यतः मरणोत्तर दिले जात नाहीत. अत्यंत पात्र व्यक्तीबाबत अपवाद होऊ शकतो, पण निधन अलीकडचे हवे, म्हणजे ज्या प्रजासत्ताक दिनाला घोषणा व्हायची, त्याच्या आधीच्या साधारण वर्षभरातले. २०२० मध्ये जॉर्ज फर्नांडिस यांना पद्मविभूषण आणि मनोहर पर्रीकर यांना पद्मभूषण मरणोत्तर जाहीर झाले. पर्रीकरांचे निधन मार्च २०१९ मधले. फर्नांडिस यांचे २९ जानेवारी २०१९ चे, म्हणजे जेमतेम तीन दिवसांच्या फरकाने ते मुदतीत बसले.

खाशाबांबाबत ही मुदत १९८५ च्या प्रजासत्ताक दिनालाच संपली. मात्र ही अट मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे आणि तिथे ‘साधारण’ अशा अर्थाची शब्दरचना आहे. चाहत्यांचा सगळा युक्तिवाद त्या एका शब्दावर उभा आहे. सरकारने ठरवले तर वाट निघू शकते, असे त्यांचे म्हणणे.

भारतरत्नच्या बाबतीत काळाचे असे बंधन पाळले गेलेले नाही. मदनमोहन मालवीय यांचे निधन १९४६ चे, त्यांना २०१५ मध्ये भारतरत्न मिळाले. कर्पूरी ठाकूर यांचे निधन १९८८ चे, त्यांना ते २०२४ मध्ये मिळाले. सर्वोच्च पुरस्कारासाठी मागे वळून पाहता येते आणि त्याखालच्या तीन पुरस्कारांसाठी नाही, ही विसंगती ठळक आहे.

दुसरी बाजू काय?

नियमामागे कारण आहे. वर्षाला जास्तीत जास्त १२० पद्म पुरस्कार देता येतात. मरणोत्तर पुरस्कार या मर्यादेबाहेर धरले जातात, पण दार एकदा उघडले की रांग कुठे थांबवायची? प्रत्येक राज्याकडे, प्रत्येक खेळाकडे अशी नावे आहेत. गेल्या शंभर वर्षांतले सगळे निवाडे पुन्हा उघडले, तर हयात खेळाडू मागे पडतील, ही भीती अगदीच चुकीची नाही.

हयातीत दखल घेण्याचे महत्त्व मुरलीकांत पेटकर यांच्या उदाहरणातून दिसते. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरच्या पेटकरांनी १९७२ मध्ये हायडलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये जलतरणाचे सुवर्ण जिंकले. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, अर्जुन जीवनगौरव जानेवारी २०२५ मध्ये. ४६ वर्षे उशीर झाला, पण ते स्वतः व्यासपीठावर होते.

जगाने यावर काय मार्ग काढला?

जुन्यांना न्याय आणि नव्यांची अडवणूक नाही, यासाठी इतर खेळांनी दोन रांगा केल्या आहेत. अमेरिकेच्या बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये निवृत्तीनंतर पाच वर्षांनी नाव मतदानाला येते, क्रीडा पत्रकारांची ७५ टक्के मते लागतात आणि दहा वर्षांत निवड झाली नाही तर नाव मतपत्रिकेवरून जाते. मात्र राहून गेलेल्या जुन्या नावांसाठी वेगळ्या समित्या आहेत. २००६ मध्ये निधन झालेले बक ओनील यांना अशाच समितीने २०२१ मध्ये निवडले.

क्रिकेटमध्येही तेच. आयसीसीने २०२१ मध्ये जुन्या कालखंडांतील दहा खेळाडूंची ‘हॉल ऑफ फेम’साठी खास निवड केली. त्यात १९७८ मध्ये निधन झालेले विनू मांकड होते. काळानुसार गट पाडल्यामुळे मांकड यांची स्पर्धा तेंडुलकरशी लावावी लागली नाही.

भारतीय क्रीडा पुरस्कारांत अशी दुसरी रांग नाही. त्यामुळे खाशाबांचे नाव दरवर्षी त्याच बंद दारापाशी जाते. एका व्यक्तीसाठी नियम वाकवण्यापेक्षा १९८० पूर्वीच्या खेळाडूंसाठी एकदाच समिती नेमून ठरावीक नावांचा निकाल लावणे, हा पर्याय सरकारला बचाव करायलाही सोपा आहे.

आता पुढे काय होऊ शकते?

पद्म यादी प्रजासत्ताक दिनाच्या पूर्वसंध्येला जाहीर होते. कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखालील समिती शिफारस करते, ती पंतप्रधान आणि राष्ट्रपतींकडे जाते. राज्य सरकार नावे पाठवू शकते आणि सामान्य नागरिकही. राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर जास्तीत जास्त ८०० शब्दांत कार्य मांडून ऑनलाइन नामांकन करता येते. २०२६ च्या पुरस्कारांसाठी ही मुदत १५ मार्च ते ३१ जुलै २०२५ होती.

खाशाबांसाठी नामांकनाबरोबर सूचनेतल्या अपवादाची मागणी राज्याने लेखी करावी लागेल. तोपर्यंत एक काम कोणत्याही परवानगीशिवाय होण्यासारखे आहे. गोळेश्वरला कुस्ती संकुल व्हावे, ही जुनी मागणी आहे. ते रखडले म्हणून कुटुंबीयांनी २०१७ मध्ये ऑलिंपिक पदक लिलावात काढण्याचा इशारा दिला होता. पुरस्काराचा निर्णय दिल्लीत होईल, संकुलाचा मुंबईत होऊ शकतो. आणि आपल्या गावात पेटकरांच्या वयाचा एखादा जुना मल्ल हयात असेल, तर त्याच्यासाठीचे ८०० शब्द मोबाइलवरूनही पाठवता येतात. त्याच्या बाबतीत मुदत अजून संपलेली नाही.