ताप उतरत नाही, तोवर ती नुसती कावीळ नव्हे

पावसाळा सरताना ताप आला आणि पाठोपाठ डोळे पिवळे दिसू लागले, की आपल्याकडे निदान घरातच होते. मग पथ्य, उसाचा रस, कुणी सांगितलेली माळ. रक्ततपासणीत एसजीओटी, एसजीपीटी वाढलेले निघाले, की संशयाला जागाच उरत नाही. पण हेच चित्र स्क्रब टायफसमध्येही दिसते, आणि त्यावर हुकमी औषध आहे.

२०१८ मध्ये नागपूर आणि विदर्भाने या आजाराची साथ अनुभवली. गवत-झुडपांत राहणाऱ्या माइट या सूक्ष्म किड्याची अळी चावते आणि ‘ओरिएन्शिया सुत्सुगामुशी’ हा जिवाणू शरीरात शिरतो. तो रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात वाढतो. यकृत तर रक्तवाहिन्यांचे जाळेच. त्यामुळे बहुतेक रुग्णांत यकृताला थोडीफार सूज येतेच. कावीळ मात्र थोड्यांनाच होते, आणि ती झाली तर आजार गंभीर वळणावर आहे असे समजावे.

फरक ओळखता येतो. विषाणूजन्य कावीळीत डोळे पिवळे होईपर्यंत ताप बहुधा ओसरलेला असतो आणि एसजीपीटी अनेकदा हजारांत जाते. स्क्रब टायफसमध्ये ताप हटत नाही, आकडे सहसा शेकड्यांतच राहतात, प्लेटलेट घटतात. (प्लेटलेट घटल्या की डेंग्यू म्हणून मोकळे होण्याची सवयही इथे नडते.) शिवाय काख, जांघ, कमरपट्ट्याखाली सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली असू शकते. ती दुखत नाही, खाजत नाही. म्हणून रुग्ण सांगत नाही. डॉक्टरांनीच कपडे बाजूला करून पाहावे लागते. खपली नसली, तरी आजार नाही असे म्हणता येत नाही.

पेनिसिलिन वा सेफॅलोस्पोरिन गटातली इंजेक्शने इथे निरुपयोगी ठरतात. लागते ती डॉक्सिसायक्लिन, गर्भवतींना अॅझिथ्रोमायसिन. दोन्ही स्वस्त. वेळेत दिली, तर ताप दोन-तीन दिवसांत उतरतो आणि यकृतही सावरते. उशीर झाला, तर फुप्फुसे, मूत्रपिंडे, मेंदू यांवर बेतते.

संशय येताच तपासणीच्या अहवालाची वाट न पाहता औषध सुरू करा, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक सूचनाच सांगतात. तालुक्याच्या रुग्णालयात आयजीएम एलायझा चाचणी आज होत नसेल, तर ती सोय आरोग्य खात्याने पावसाळ्याआधी करावी. तोवर गोळी थांबवून ठेवायचे कारण नाही.