सुपर कप जादा नाही, अपुरा आहे

भारतीय फुटबॉलमधला सुपर कप बंद करा, असं म्हणणाऱ्यांत या खेळावर जीव असलेली माणसंही आहेत. म्हणून त्यांचं म्हणणं आधी पूर्ण ऐकून घेतलं पाहिजे आणि मगच खोडून काढलं पाहिजे.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. लीगचा विजेता आणि कपचा विजेता यांच्यातला एकच सामना म्हणजे सुपर कप, ही जगाची रीत. आपल्याकडेही १९९७ पासून अधूनमधून असा सामना होत असे. २०११ साली ईस्ट बंगालने साळगावकरला पेनल्टींवर हरवलं आणि तो बंद पडला. २०१८ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने सुरू केला तो फेडरेशन कपच्या जागी आणून बसवलेला एक बाद पद्धतीचा कप. त्याला ना परंपरा, ना प्रेक्षक. लीग खेळून दमलेले संघ त्यात नाइलाजाने उतरतात, मोठे क्लब राखीव खेळाडू पाठवतात, छोटे क्लब मार खाऊन घरी जातात. तेव्हा हा खटाटोप थांबवावा.

परंपरेपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहेत. ज्या इंग्लंडकडे बोट दाखवून ही रीत सांगितली जाते, तिथला पहिला असा सामना १९०८ साली लंडनच्या स्टॅम्फर्ड ब्रिजवर झाला. एका बाजूला फुटबॉल लीगचा विजेता मँचेस्टर युनायटेड. दुसऱ्या बाजूला क्वीन्स पार्क रेंजर्स. रेंजर्सनी एफए कप जिंकला नव्हता, ते सदर्न लीग या वेगळ्या लीगचे विजेते होते. सामना १-१ असा सुटला, पुन्हा खेळवला गेला आणि युनायटेडने तो ४-० असा घेतला. उत्पन्न धर्मादाय कामाला गेलं. म्हणजे सुपर कपच्या मुळाशी आहे ती दोन वेगवेगळ्या लीगांची गाठ. वर्षभर वेगळ्या वाटेने चालणारे दोन संघ एका मैदानावर आणून कोण किती पाण्यात आहे ते बघायचं, हा तो विचार. पुढे इंग्लंडने व्यावसायिक विरुद्ध हौशी असाही प्रयोग केला. लीग विजेता विरुद्ध कप विजेता ही पद्धत पक्की झाली ती १९३० पासून.

स्पेनचं उदाहरण तर अगदी ताजं आहे. तिथल्या महासंघाने २०२० मध्ये चार संघांचा सुपर कप केला आणि तो थेट सौदी अरेबियात जेद्दाला नेला. तो जिंकला रेआल माद्रिदने. त्याआधीच्या हंगामात रेआलने लीग जिंकली नव्हती आणि कपही जिंकला नव्हता. लीगमध्ये ते तिसरे आले होते. स्पर्धा परदेशात विकायला माझा ठाम विरोध आहे. ज्या गावच्या लोकांनी संघ वाढवला त्यांच्यापासून करंडक पळवणं ही मला चोरी वाटते. पण चौकट बदलली म्हणून स्पर्धा खोटी ठरत असेल, तर युरोपातल्या निम्म्या स्पर्धा खोट्या ठरतील.

आता आपल्याकडे या. २०१८ साली देशात दोन लीग समांतर चालत होत्या. एकीकडे इंडियन सुपर लीग म्हणजे आयएसएल, पैसा आणि प्रक्षेपणाच्या बळावर उभी राहिलेली. दुसरीकडे आय-लीग, जिच्यात शंभरी ओलांडलेला मोहन बागान आणि शंभरी गाठत आलेला ईस्ट बंगाल यांच्यासारखे क्लब होते. दोन्ही लीगांत दहा-दहा संघ होते आणि वर्षभर ते एकमेकांचं तोंड पाहत नव्हते. त्यांना समोरासमोर आणणारी स्पर्धा सुपर कपच्या रूपाने आली. १९०८ च्या त्या सामन्यामागे जी गरज होती, तीच गरज भुवनेश्वरच्या कलिंगा स्टेडियमवर होती. परंपरा नाही म्हणणाऱ्यांनी हे साम्य एकदा नीट पाहावं.

छोटे संघ मार खातात, या आक्षेपाला तर निकालच उत्तर देतात. पहिल्याच वर्षी मिझोरामच्या ऐझॉलने आयएसएल विजेत्या चेन्नईयनला पेनल्टींवर घरी पाठवलं. मणिपूरचा नेरोका संघ केरला ब्लास्टर्सविरुद्ध दोन गोलांनी मागे होता, तो सामना त्यांनी ३-२ असा जिंकला. २०१९ मध्ये आय-लीग विजेत्या चेन्नई सिटीने बेंगळुरूला हरवलं. २०२५ च्या एप्रिलमध्ये इंटर काशीने त्याच बेंगळुरूला पेनल्टींवर बाहेर काढलं.

आणि धेंपो! गोव्याच्या या जुन्या क्लबला २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये जागा मिळाली तीच मुळी रिअल काश्मीरने माघार घेतल्यामुळे. संघात एकही परदेशी खेळाडू नाही. समोर ईस्ट बंगाल. बांबोळीच्या मैदानावर धेंपोने आधी आघाडी घेतली. उत्तरार्धात ईस्ट बंगालने दोन गोल करून सामना फिरवला आणि आता हे संपलं असं वाटत असताना लक्ष्मणराव राणेने बरोबरी साधली, २-२. पुढे मोहन बागानलाही त्यांनी ०-० असं रोखून धरलं. धेंपोने पाच वेळा राष्ट्रीय लीग जिंकली आहे, पण आज तो क्लब देशाच्या सर्वोच्च लीगमध्ये नाही. सुपर कप नसता तर ही नव्वद-नव्वद मिनिटं कुठे खेळली गेली असती? उत्तर एकच, कुठेही नाही.

दमणुकीचा मुद्दा मला सगळ्यात कच्चा वाटतो. २०१७-१८ च्या हंगामात आयएसएलच्या साखळीत प्रत्येक संघाला १८ सामने मिळाले, आय-लीगमध्येही तेवढेच. २०२४-२५ मध्ये आयएसएलचे संघ तेरा झाले, तरी साखळीत २४ च सामने. पहिल्या सहांत न आलेल्या संघाचा लीगचा हंगाम तिथेच संपला. इंग्लंडमधला संघ नुसत्या लीगचे ३८ सामने खेळतो, वर कप वेगळे. आपल्या खेळाडूंना सामने कमी पडतात, हे प्रशिक्षक वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. ज्या देशात विशीतला मुलगा हंगामातले अर्धे महिने नुसत्या सरावावर काढतो, तिथे आणखी चार सामने देणारी स्पर्धा जादा कशी ठरते?

राखीव खेळाडूंचंही तसंच. २०२५ च्या एप्रिलमध्ये लीग जिंकून झाल्यावर मोहन बागानने बरीचशी तरुण मुलं उतरवली. टीका झाली. त्या मुलांनी केरला ब्लास्टर्सना २-१ असं हरवलं आणि उपांत्य फेरी गाठली. तिथे एफसी गोवाने त्यांना ३-१ ने रोखलं. बाद फेरीत, मागे पडल्यावर काय करायचं, हे त्या वयात शिकायची संधी आणखी कुठे मिळते, हे टीकाकारांनी सांगावं.

खेळाडू ही स्पर्धा मनावर घेत नाहीत, असंही म्हणतात. २०१८ ची बेंगळुरू-मोहन बागान उपांत्य लढत आठवा. बागान एका गोलने पुढे. उत्तरार्धाच्या सुरुवातीलाच बेंगळुरूच्या निशू कुमारला लाल कार्ड. दहा माणसांनी उरलेला जवळपास सगळा अर्ध खेळायचा. तिथून मिकूने तीन गोल केले, सुनील छेत्रीने चौथा, आणि सामना ४-२ असा संपला. अंतिम सामन्यात ईस्ट बंगालने आधी गोल केला, तेव्हा बरोबरी साधली ती मुंबईच्या राहुल भेकेने. नंतर छेत्रीच्या दोन गोलांसह बेंगळुरूने ४-१ असा करंडक नेला. त्याच वर्षी गोवा आणि जमशेदपूर यांच्या सामन्यात सहा लाल कार्डं निघाली. हे भूषणाचं नाही, पण बिनमहत्त्वाच्या सामन्यात कुणी असं भिडत नाही. २०२४ चा अंतिम सामना तर ज्याने पाहिला तो विसरणार नाही. २-१ ने पुढे असलेल्या ईस्ट बंगालवर ओडिशाने भरपाई वेळेत पेनल्टीवर बरोबरी केली आणि जादा वेळेत क्लेटन सिल्वाने सामना काढला. बारा वर्षांनी ईस्ट बंगालच्या हाती राष्ट्रीय करंडक आला. कोलकात्याहून भुवनेश्वरला आलेल्या लाल-पिवळ्या गर्दीला विचारा, हा कप बिनकामाचा आहे का.

रिकाम्या स्टेडियमांबद्दल मात्र विरोधकांचं निरीक्षण बरोबर आहे, निदान चुकीचं आहे. प्रेक्षक कसे येतील? २०१९ नंतर ही स्पर्धा थेट २०२३ मध्ये झाली. कधी नुसती बाद फेरी, कधी गट, कधी एप्रिल, कधी जानेवारी, कधी ऑक्टोबर. २०२४ ची स्पर्धा घेतली ती नेमकी भारताचा संघ कतारमध्ये आशियाई चषक खेळत असताना. बागानला आपले अर्धा डझनहून अधिक खेळाडू देऊन बसावं लागलं. २०१९ मध्ये, प्रफुल्ल पटेल महासंघाचे अध्यक्ष असताना, लीगच्या भवितव्यावर बोलणी करा म्हणून आय-लीगच्या बहुतेक क्लबांनी बहिष्कार टाकला. त्यांच्याशी आधीच बसून बोलण्याऐवजी महासंघाने नंतर दंड ठोठावला. एवढं करूनही दोन-चार हजार लोक एखाद्या दुपारच्या सामन्याला येतात, याचं मला कौतुक वाटतं. माळ्याने पाणी घातलं नाही म्हणून झाड उपटायचं नसतं.

आता या स्पर्धेने दिलं काय, तेही सांगतो. २०२५ च्या ३ मे रोजी एफसी गोवाने अंतिम सामन्यात जमशेदपूरला ३-० हरवलं. त्या विजयामुळे त्यांना एएफसी चॅम्पियन्स लीग टूच्या पात्रता सामन्यात जागा मिळाली. ऑगस्टमध्ये मडगावच्या फातोर्डा मैदानावर ओमानच्या अल सीबला हरवून ते गटात पोहोचले, आणि २२ ऑक्टोबरला रोनाल्डोचा सौदी संघ अल नस्र मडगावात उतरला. रोनाल्डो आला नाही, याचीच चर्चा जास्त झाली. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की ब्रायसन फर्नांडिस या गोव्याच्या पोराने घरच्या मैदानावर त्या संघाविरुद्ध गोल केला. सामना गोवा १-२ हरलं. पण आशियातला बलाढ्य संघ साष्टीच्या मातीवर आला तो सुपर कपच्या दारातून. लीग जिंकण्याइतकं मोठं बजेट नसलेल्या क्लबाला आशियात नेणारा हाच एक रस्ता आहे.

त्याच वर्षी लीगच्या हक्कांच्या करारावरून आयएसएल बेमुदत लांबणीवर पडली. काही क्लबांनी पगार थांबवले, सराव थांबवला. अशा वेळी हंगामाचं चाक फिरवलं ते गोव्यात झालेल्या सुपर कपने. ७ डिसेंबरला फातोर्ड्यावर एफसी गोवाने ईस्ट बंगालला पेनल्टींवर हरवून करंडक राखला. तो राखणारा हा पहिला संघ.

स्पर्धा बंद पडली की काय होतं, हे मुंबईकरांना वेगळं सांगायला नको. कूपरेजवर १८९१ पासून रोव्हर्स कप खेळला गेला. १९३७ साली बेंगळुरूच्या मुस्लिम संघाने तो जिंकला, तेव्हा ब्रिटिश पलटणींची त्यावरची मक्तेदारी पहिल्यांदा मोडली. नवं शतक उजाडता उजाडता तो बंद झाला. जागा नाही, पैसा नाही, तारखा नाहीत, असंच तेव्हाही सांगितलं गेलं. चाळीस वर्षं चाललेला फेडरेशन कपही २०१७ नंतर गेला. बंद पडलेली स्पर्धा सहसा कुणी पुन्हा सुरू करत नाही. कूपरेजवर आता हिरवळ बदलली, दिवे आले, पण रोव्हर्स आला नाही.

म्हणून माझी मागणी सुपर कप वाढवण्याची आहे. तारीख तीन वर्षांसाठी आधी जाहीर व्हावी आणि राष्ट्रीय संघाच्या सामन्यांशी ती कधीही आपटू नये. पहिल्या फेरीचे सामने खालच्या लीगमधल्या क्लबाच्या गावात व्हावेत. ऐझॉलला जाऊन खेळायला मोठ्या क्लबांना जड जाईल, जाऊ द्या. पात्रता फेरीत राज्य लीगच्या विजेत्यांना, म्हणजे गोवा प्रो लीगच्या आणि मुंबईच्या विजेत्यालाही, जागा असावी. धेंपोला जे दुसऱ्याच्या माघारीमुळे मिळालं, ते पुढच्या वेळी हक्काने मिळायला हवं.