पोकळ्यांचाही हिशेब हवा

दीर्घिका अवकाशात सरसकट विखुरलेल्या नाहीत. लांबच लांब तंतूंवर आणि भिंतींवर त्यांची दाटी असते. तंतू जिथे मिळतात तिथे दीर्घिकांचे समूह बनतात आणि मधल्या प्रचंड जागेत जवळपास काहीच नसते. साबणाच्या फेसातही पाणी असते ते बुडबुड्यांच्या पापुद्र्यांतच.

नुसत्या आकाशाकडे पाहून हे कळत नाही. तिथे दिशा दिसते, अंतर नाही. दीर्घिकेच्या वर्णपटातील रेषा तांबड्या टोकाकडे किती सरकल्या, त्यावरून अंतर काढतात. व्हॅलेरी द लापारां, मार्गारेट गेलर आणि जॉन हुक्रा यांनी १९८६ साली एका अरुंद पट्ट्यातील सुमारे १,१०० दीर्घिका अशा मांडल्या, तेव्हा नकाशात चक्क हातपाय पसरलेला माणूस उमटला. त्याचे धड म्हणजे कोमा समूह. मात्र धडाचा लांबुळकेपणा फसवा आहे. समूहातील दीर्घिका सेकंदाला हजारभर किलोमीटर वेगाने धावतात. वेगामुळेही रेषा सरकत असल्याने त्याची भेसळ मोजमापात होते आणि गोलसर समूह आपल्या दिशेने ताणलेला दिसतो. असे नकाशे वाचताना ही मेख विसरून चालत नाही.

स्वाती तारा ज्यात आहे त्या भूतप तारकासमूहाच्या दिशेला १९८१ साली एक पोकळी सापडली. तिचा व्यास २५ ते ३३ कोटी प्रकाशवर्षे आणि आत सापडलेल्या दीर्घिका जेमतेम ६०. पण पोकळी म्हणजे उरलेली जागा नव्हे. आरंभीच्या विश्वात घनतेचा फरक लाखात एकाएवढाच होता. जिथे द्रव्य किंचित जास्त, तिथे गुरुत्वाकर्षणाने आणखी ओढून घेतले. जिथे कमी, तिथून ते निघून गेले. या ओढाताणीत मोठा वाटा न दिसणाऱ्या कृष्णद्रव्याचा.

पुण्यातील आयुका आणि आयसर या संस्थांतील शास्त्रज्ञांच्या गटाने २०१७ साली मीन राशीत ‘सरस्वती’ हा महासमूह शोधला: अंतर सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षे, विस्तार ६० कोटी. बातम्यांत आकाराचेच कौतुक झाले. खरा प्रश्न वेगळा आहे. विश्वाचे प्रसरण वेगवान होण्याच्या काळात एवढे द्रव्य एकत्र आले कसे?

त्याचे उत्तर मोठ्या नकाशांतूनच मिळेल. १९८६च्या नकाशासाठी ॲरिझोनात एकेका दीर्घिकेचा वर्णपट घ्यावा लागला होता. २०२१पासून तिथल्याच किट पीकवरील ‘डेसी’ हे उपकरण एका वेळी ५,००० वर्णपट घेते.