पेट्रोलच्या टाकीतला ऊस, मका आणि पाणी

देशातील बहुतेक पंपांवर आज जे पेट्रोल मिळते, त्याच्या दर लिटरमध्ये सुमारे २०० मिलिलिटर इथेनॉल असते. २०१३-१४ मध्ये मिश्रणाचे हे प्रमाण जेमतेम दीड टक्का होते. ते २० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट मुळात २०३० सालासाठी ठरले होते, पण ते पाच वर्षे आधीच, २०२५ मध्ये गाठले गेले. त्यानंतर वाद पेटला तो मुख्यतः मायलेजवरून. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय ग्राहकाला मिळावा, ही याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली. मात्र त्याहून मोठा प्रश्न बाजूलाच राहिला. वनस्पतींपासून केलेले इंधन देशाला खनिज तेलाच्या परावलंबनातून खरोखर किती सोडवते आणि त्याची किंमत कोण मोजते?

मायलेजची तक्रार निराधार नाही. एक लिटर इथेनॉलमधील ऊर्जा एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. त्यामुळे जुन्या रचनेच्या चारचाकींत इंधनक्षमता ६ ते ७ टक्क्यांनी घटू शकते, असे नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच नमूद आहे. या मिश्रणासाठी बनवलेल्या गाड्यांत ही घट १ ते २ टक्क्यांवर येते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते, त्यामुळे जुन्या वाहनांतील रबरी भागांचीही काळजी घ्यावी लागते.

ऊर्जेतील हा फरक देशाच्या हिशेबातही दिसतो. २० टक्के इथेनॉल मिसळले म्हणून पेट्रोलची गरज २० टक्क्यांनी कमी होत नाही. ऊर्जेच्या मापाने ती साधारण १४ टक्के कमी होते. शिवाय देशात डिझेलचा खप पेट्रोलच्या दुपटीहून अधिक आहे, आणि एकूण पेट्रोलियम पदार्थांत पेट्रोलचा वाटा सुमारे एक षष्ठांश. म्हणजे इतका खटाटोप करून एकूण तेलाची जागा भरली जाते ती ढोबळमानाने दोन-अडीच टक्के. भारत आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो, हे लक्षात घेतले तर या उपायाची मर्यादा कळते.

तरीही तो निरर्थक ठरत नाही. दोन टक्के तेलाचे परकीय चलनही मोठे असते. इथेनॉलमुळे पेट्रोलचा ऑक्टेन अंक वाढतो आणि धुरातील कार्बन मोनॉक्साइड घटतो. मात्र अॅसिटाल्डिहाइडचे प्रमाण वाढते. महाराष्ट्रापुरता आणखी एक लाभ आहे. साखरेचे साठे पडून राहिले की कारखान्यांकडे पैसा नसतो आणि ऊस उत्पादकांची एफआरपी थकते. तेल कंपन्यांकडून येणाऱ्या इथेनॉलच्या पैशाने ही कोंडी बरीच सैल झाली.

पण इथेनॉल कशापासून केले, यावर सारे अवलंबून आहे. साखर काढून झाल्यावर उरणाऱ्या अखेरच्या मळीपासून ते केले, तर एका अर्थी टाकाऊतून टिकाऊ मिळते. थेट उसाच्या रसापासून केले, तर ऊस इंधनासाठीच पिकवल्यासारखे होते. नीती आयोगाच्या याच आराखड्यानुसार उसापासून एक लिटर इथेनॉल मिळवण्यासाठी सुमारे २,८६० लिटर पाणी लागते. महाराष्ट्रात ऊस लागवडीखालील क्षेत्राच्या थोड्याच भागावर असतो, पण सिंचनाच्या पाण्याचा निम्म्याहून अधिक वाटा तोच पितो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले. त्या मराठवाड्यातही ऊस उभा असतो.

२०२३ चा ऑगस्ट हा शतकाहून अधिक काळातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. साखर कमी पडेल या भीतीने केंद्राने त्या डिसेंबरमध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल बनवण्यावर बंदी घातली. ती लवकरच अंशतः शिथिल झाली आणि पुढच्या हंगामासाठी उठली, पण दरम्यान भार मक्यावर गेला. मका इथेनॉलचा प्रमुख कच्चा माल बनला, भाव चढले आणि कोंबडीखाद्य महागल्याने कुक्कुटपालन व्यवसाय अडचणीत आला. मक्याची निर्यात करणाऱ्या देशाला २०२४ मध्ये तो आयात करावा लागला. आखातातील तेलावरचे अवलंबन असे काही अंशी मोसमी पावसावर सरकते.

ब्राझीलचे उदाहरण या वादात हमखास दिले जाते. १९७३ च्या तेलसंकटानंतर १९७५ मध्ये त्या देशाने ‘प्रोअल्कोल’ कार्यक्रम सुरू केला, आणि ऑगस्ट २०२५ पासून तिथे ३० टक्के मिश्रण आहे. पण तिथला बहुतांश ऊस पावसावर वाढतो. आणि १९८९ च्या सुमारास कारखाने साखरेकडे वळले, तेव्हा निव्वळ इथेनॉलवर चालणाऱ्या गाड्यांचे मालक इंधनावाचून अडले होते. दोन्ही इंधनांवर चालणाऱ्या गाड्या २००३ मध्ये आल्या, तेव्हाच ग्राहकाचा विश्वास परतला. भारतात मिश्रणाचा आकडा आधी वाढला. अशा गाड्या अजून रस्त्यावर अपवादानेच दिसतात.

अन्नाशी स्पर्धा न करणारा मार्गही सोपा नाही. पडीक जमिनीवर मोगली एरंड लावून बायोडिझेल मिळवण्याची योजना दोन दशकांपूर्वी गाजली. पाण्याविना बी फारसे धरेना आणि ती बारगळली. पानिपतला ऑगस्ट २०२२ मध्ये लोकार्पण झालेला प्रकल्प वर्षाला दोन लाख टन भाताच्या पेंढ्यापासून तीन कोटी लिटर इथेनॉल करण्यासाठी उभारला आहे. दिशा योग्य असली, तरी देशाची गरज शेकडो कोटी लिटरची आहे.

मुळात मर्यादा निसर्गाचीच आहे. पिके सूर्यप्रकाशाचा एक-दोन टक्के भागच साठवतात. सौर पॅनेल सुमारे २० टक्के प्रकाशाची वीज करते. त्यामुळे दुचाकी, रिक्षा आणि शहरी बस विजेवर नेणे, आणि मळी, पेंढा, खराब धान्य यांचे इंधन जिथे विजेची सोय अवघड आहे तिथे वापरणे, हा वाटपाचा मार्ग अधिक शहाणपणाचा ठरतो. २० टक्क्यांच्या पुढे जाण्याचा निर्णय घेताना सरकारने टक्केवारीसोबत दर लिटरमागे किती पाणी आणि किती धान्य खर्च झाले, हेही जाहीर करायला हवे. तो आकडा समोर असेल, तरच दुष्काळी वर्षी टाकी आधी भरायची की हंडा, याचा निर्णय आयत्या वेळी घ्यावा लागणार नाही.