खेळ संपला, की वही उघडा!

मैत्रिणींनो, दिवाळीची सुट्टी लागली, की आमच्या पाचगणीत टेबल लँडवर पाहुण्यांची झुंबड उडते आणि घरची मुलं मात्र कॉम्प्युटरला चिकटलेली! गेल्या सुट्टीत मी रागाच्या भरात मुलाचा खेळ मध्येच बंद केला. दोन दिवस अबोला. शेवटी मीच विचारलं, "काय होतं रे त्यात?"

खेळाचं नाव 'राजी'. पुण्यातल्या मंडळींनी केलेला, २०२० साली आलेला. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, बहीण शोधत निघते. दुर्गेचा त्रिशूळ तिच्या हाती येतो. मी ऐकतच राहिले!

मग नियम केला: खेळावर वहीत एक पान लिहायचं. काय आवडलं, कुठे कंटाळा आला. भाऊबीजेला भाऊ मुलांना घेऊन आला, तेव्हा फराळ करता करता वाचन झालं. भाचीने लिहिलं होतं, "लढाया त्याच त्याच, भिंतीवरची चित्रं मात्र सुरेख." आणि आमच्या चिरंजीवांनी? "आईने बंद केलं, तेव्हा गोलू सापडायचा होता." माझ्या हातातली चकली हातातच राहिली.

आता वेळ आधीच ठरवतो. टप्पा पुरा होईपर्यंत मी थांबते, तोही उठतो. बहुतेक वेळा हं!