हा राहतो कुठं?



मे महिना आला की घरोघरी दोन तक्रारी ऐकू येतात. मुलं मोबाइल सोडत नाहीत आणि मुलांना कंटाळा आलाय. आमच्या जबलपूरच्या मामाकडे यंदा या दोन्ही तक्रारी एका दोनशेपानी वहीने मिटवल्या. त्या वहीची गोष्ट आज तुम्हाला सांगते. तुमच्या घरातही एखादा चित्रं काढणारा मुलगा किंवा मुलगी असेल, तर ती तुमच्या कामाला येईल.

माझा मामेभाऊ नववीत आहे. त्याने ‘ट्रेसे’ ही फिलिपिन्सची अ‍ॅनिमेशन मालिका पाहिली आणि तो झपाटलाच. मग आर्निस या तिथल्या काठीयुद्धाचे व्हिडिओ शोधले. काठ्या नव्हत्या, म्हणून गणेशोत्सवातल्या टिपऱ्या काढल्या आणि गच्चीवर सराव सुरू केला. चार दिवसांत वहीत आठ पानांचं कॉमिकही तयार झालं. मनिला शहर, रात्र, घोड्याचं डोकं असलेला लांब पायांचा राक्षस आणि दोन काठ्या घेतलेली नायिका. चित्रं खरोखर सुरेख होती.

त्याने वही आजीला दाखवली. आजीने चष्मा लावून एकेक पान पाहिलं आणि विचारलं, “छान काढलंस रे बाळा. पण हा घोडेवाला राहतो कुठं?”

“मनिलात.”

“मनिलात कुठं? झाडावर, विहिरीत, की कुणाच्या घरी?”

पठ्ठ्याला उत्तर देता आलं नाही. मलाही नाही.

त्यांनी काय केलं ते पाहूया

आजीच्या प्रश्नाने मला कामाला लावलं. मी ‘ट्रेसे’ पुन्हा पाहिली, तिच्या मूळ कॉमिकबद्दल वाचलं, आणि लक्षात आलं की त्या लेखकांना हे उत्तर पक्कं ठाऊक होतं.

बुजेट तान हे लेखक आणि काजो बाल्दिसिमो हे चित्रकार. दोघं जाहिरात क्षेत्रात नोकरी करायचे. 2005 मध्ये त्यांनी हे कॉमिक सुरू केलं. जेवणाच्या सुट्टीत रोज एक पान काढायचं, म्हणजे महिन्याला वीस पानांचा अंक होतो, असा सरळ हिशेब होता. सुरुवातीचे अंक त्यांनी झेरॉक्स काढून विकले. 2021 मध्ये त्याची मालिका नेटफ्लिक्सवर जगभर पोचली.

त्यांची नायिका अलेक्झांड्रा ट्रेसे मनिलात राहते. प्रकरण माणसांच्या आवाक्याबाहेरचं असलं की पोलीस तिला बोलावतात. पहिल्याच कथेत घटना घडते बालेटे ड्राइव्ह नावाच्या रस्त्यावर. पांढऱ्या कपड्यातल्या बाईच्या भुताबद्दल हा रस्ता खरोखरच प्रसिद्ध आहे. तो घोडेवाला म्हणजे तिकबालांग. लोककथेत तो रानात राहतो आणि वाटसरूंना चकवतो. कॉमिकमधला तरुण तिकबालांग मात्र रात्री शहराच्या मोठ्या रस्त्यावर गाड्यांची शर्यत लावतो! नूनो हा लोककथेतला बुटका म्हातारा वारुळात राहतो. शहरात वारूळ कुठून आणणार? म्हणून कॉमिकमध्ये तो गटाराच्या झाकणाखाली राहतो आणि खाऊ दिला की बातम्या देतो.

पाहिलंत? प्रत्येकाला पत्ता आहे. मनिलातल्या वाचकाला तो रस्ता माहीत आहे, ते गटार माहीत आहे. भीती वाटते ती म्हणूनच.

सातासमुद्रापारचे नातेवाईक

वाचता वाचता एक गंमतही सापडली. फिलिपिनो भाषेत निसर्गातल्या दैवी शक्तींना ‘दिवाता’ म्हणतात. हा शब्द आपल्या ‘देवता’वरून आलेला आहे. शिक्षकाला ते ‘गुरो’ म्हणतात आणि आर्निस शिकवणाराही ‘गुरो’च. ‘बाकुनावा’ नावाचा त्यांचा प्रचंड सर्प चंद्र गिळतो तेव्हा ग्रहण लागतं. आपल्याला राहू आठवणारच. वारुळाजवळून जाताना तिथली जुनी माणसं ‘ताबी ताबी पो’ म्हणतात, म्हणजे साधारण ‘जरा बाजूने जाऊ द्या हं’. आपणही नागपंचमीला वारुळापुढे दूध-लाह्या ठेवतोच की.

आर्निसही असंच ओळखीचं वाटतं. 2009 मध्ये कायदा करून फिलिपिन्सने त्याला आपली राष्ट्रीय युद्धकला आणि राष्ट्रीय खेळ ठरवलं. बहुतेक युद्धकलांमध्ये आधी रिकाम्या हाताने शिकवतात आणि शस्त्र नंतर देतात. इथे पहिल्या दिवसापासून हातात वेताची काठी असते. वार कोणत्या दिशेने आला त्यानुसार त्याला क्रमांक असतो. दोन्ही हातांत काठ्या घेऊन समोरच्याच्या काठ्यांवर ठरावीक लयीत आघात करायचा एक प्रकार आहे, त्याला ‘सिनावाली’ म्हणतात. हे नाव बांबूच्या विणलेल्या तट्ट्यावरून आलं आहे, कारण काठ्या जणू विणत जातात. गोफ विणणं आणि टिपऱ्या खेळणं ज्यांनी केलंय, त्यांना हे सांगायलाच नको. मामेभावाने टिपऱ्या उचलल्या त्या काही चुकीच्या नव्हत्या!

आणि मग माझी चूक झाली

मी उत्साहात त्याला म्हटलं, “अरे, मनिला कशाला? आपल्या जबलपुरात काय कमी आहे?” आणि यादीच दिली. भेडाघाटचं चौसष्ट योगिनी मंदिर, दहाव्या शतकातलं, गोलाकार, आत ओळीने योगिनींच्या मूर्ती, त्यांतल्या काहींची तोंडं प्राण्यांची. नाव चौसष्टचं, पण कोनाडे 81! नर्राई नाल्याजवळ 24 जून 1564 रोजी मोगल सैन्याशी लढताना प्राण देणारी राणी दुर्गावती आणि तिचा सरमन हत्ती. शिवाय गोंडांचे देव आणि त्यांच्या कथा. “यातूनच एखादा जबरदस्त राक्षस काढ,” असंही मी सांगून बसले.

त्याने इंटरनेटवर शोधलं, साजाच्या झाडात बडा देवाचा वास असतो एवढं वाचलं, आणि झाड फोडून बाहेर येणारा अक्राळविक्राळ ‘बडा देव’ काढला. खलनायक! मग वही शाळेतल्या मित्राला दाखवायला नेली. तो मित्र मंडल्याकडचा, गोंड कुटुंबातला. रोज सोबत क्रिकेट खेळणारा.

मित्राने वही पाहिली, मिटली आणि परत दिली. एवढंच म्हणाला, “इनकी तो हमारे घर में पूजा होती है.” त्यानंतर आठवडाभर तो खेळायला आला नाही.

मामेभाऊ रडवेला झाला होता. “ताई, मला माहीतच नव्हतं.” चूक त्याची नव्हती, माझी होती. दूरच्या मनिलातल्या भुताबद्दल मी पुस्तकं धुंडाळली आणि शेजारच्या घरातल्या देवाबद्दल शेजारी एक प्रश्नही विचारला नाही. आपल्या खंडोबाला किंवा भवानीला कुणी न विचारता राक्षस केलं असतं, तर आपल्याला कसं वाटलं असतं?

दोघं मिळून त्याच्या घरी गेलो. मामेभावाने माफी मागितली. मित्राच्या आजोबांनी रागावण्याऐवजी चहा पाजला आणि तासभर गोष्टी सांगितल्या. कोणती गोष्ट वहीत काढली तर चालेल आणि कोणती नको, हेही त्यांनी सांगितलं. नको म्हणालेल्या गोष्टी मी इथेही लिहीत नाही.

जवळच घडलेलं मोठं काम

घरी आल्यावर मी दोघा मुलांना ‘भीमायन’ दाखवलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यावरचं हे चित्रमय पुस्तक 2011 मध्ये आलं. त्यातली चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकार दांपत्याची. दुर्गाबाईंना 2022 मध्ये पद्मश्री मिळाली. परधान म्हणजे बाना हे तंतुवाद्य वाजवत गोंडांच्या कथा गाणारे परंपरागत गायक.

या पुस्तकात नेहमीच्या कॉमिकसारख्या चौकटी नाहीत. माणसांना डब्यांत कोंडायचं नाही, असं या चित्रकारांनी ठरवलं. पानाचे भाग पाडायला त्यांनी डिग्ना वापरला. हे घराच्या भिंती-अंगणावर काढायचे पारंपरिक नक्षीचे पट्टे. संवादांचे फुगे तर पाहण्यासारखे. साधं, प्रेमळ बोलणं पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात. टोचणारं, अपमान करणारं बोलणं विंचवाच्या नांगीच्या फुग्यात. मनातला विचार असेल तर फुग्याला डोळा! रेल्वे काढली तर ती सापासारखी वळणं घेत जाते.

मित्र पानं उलटत राहिला आणि म्हणाला, “हमारी दादी भी दीवार पर ऐसा बनाती हैं.” त्या दिवसापासून कॉमिकचे लेखक दोन झाले.

तुमच्या घरी करायचं असेल तर

आता कामाच्या गोष्टी. या आम्ही चुकत चुकत शिकलो.

पत्ता आधी ठरवा. तुमचं पात्र कुठल्या पुलाखाली, कुठल्या पाण्याच्या टाकीत, कुठल्या बंद टॉकीजमध्ये राहतं? ती जागा स्वतः जाऊन पाहा, दोन-चार फोटो काढा.

पूजेतलं दैवत आणि गोष्टीतलं पात्र यांत फरक ठेवा. ज्यांची कथा आहे त्यांना आधी विचारा. ते नाही म्हणाले तर स्वतःचं नवीन पात्र रचा. त्याला कुणी अडवत नाही.

मारामारी काढण्याआधी करून पाहा, अर्थातच हळू. भार कोणत्या पायावर आहे, खांदा कुठं वळलाय, हे फोनवर टिपा. एक वार तीन चौकटींत दाखवा: हात मागे, काठी मध्यावर, वार झाल्यानंतरचा तोल. शस्त्र बदललं की शरीर बदलतं. कोल्हापूरच्या मर्दानी खेळातला दांडपट्टा घ्या. त्याची मूठ लोखंडी आवरणाच्या आत असते, त्यामुळे मनगट वळत नाही, सगळा हात खांद्यापासून फिरतो. आर्निसच्या काठीचं बरंचसं काम मनगटातून होतं. दोघांचे योद्धे एकाच पवित्र्यात काढले तर जाणकार लगेच ओळखेल.

अक्षरं आधी, फुगा नंतर. देवनागरीत मात्रा वर जातात, उकार खाली येतात, त्यामुळे दोन ओळींत जास्त जागा लागते. आम्ही आधी गोल फुगे काढले आणि ‘कुठून’मधले उकार खालच्या ओळीत घुसले.

सुरुवात आठ पानांची करा. ए-फोर आकाराचे दोन कागद मधोमध दुमडून एकात एक घातले की आठ पानांची पुस्तिका होते. दिवसाला एक पान, मग झेरॉक्स. मनिलातल्या त्या दोघांनीही याहून वेगळं काही केलं नव्हतं.

आजीला मिळालेलं उत्तर

दोघांनी शेवटी काय काढलं, ते सांगते. मदन महालच्या टेकडीजवळ एक प्रचंड शिळा दुसऱ्या शिळेवर अगदी थोडक्या आधारावर उभी आहे. सगळे तिला बॅलन्सिंग रॉक म्हणतात. 22 मे 1997 ला जबलपूरला मोठा भूकंप झाला, तरी ती पडली नाही.

आजीला ती रात्र लख्ख आठवते. मध्यरात्र उलटून गेली होती. भांडी फळीवरून कोसळली, सगळे अंगणात धावले आणि उजाडेपर्यंत कुणी आत गेलं नाही. आजीच्या कुशीत तेव्हा शाळकरी मामा होता. हे सगळं तिने मुलांना पहिल्यांदाच सांगितलं, कारण पहिल्यांदाच कुणी विचारलं होतं.

कॉमिकमध्ये त्या शिळेखाली एक म्हातारा बसलेला आहे. न कुठला देव, न राक्षस, मुलांनीच रचलेला. त्या रात्री त्याने दोन्ही हातांनी शिळा धरून ठेवली आणि अजून सोडलेली नाही. आता त्याचे हात थकलेत. त्याची जागा कोण घेणार, हे विचारायला तो टिपऱ्या खेळणाऱ्या एका मुलीकडे येतो. पानांच्या कडेला डिग्नाचे पट्टे आहेत, ते मित्राच्या आजीने स्वतः शिकवलेत.

आजीने वही पुन्हा चष्मा लावून पाहिली. यावेळी ‘हा राहतो कुठं’ असं तिने विचारलं नाही. म्हणाली, “एवढी वर्षं एकटाच बसलाय बिचारा. त्याला जेवायला कोण देतं?”

दुसऱ्या भागाची गोष्ट मिळाली!

तुमच्या घरातल्या मोठ्यांना आज रात्री जेवताना एवढंच विचारा: लहानपणी दिवेलागणीनंतर कुठल्या जागी जायला तुम्हाला बंदी होती, आणि का? उत्तर वहीत लिहून ठेवा. पहिलं पान तिथूनच सुरू होईल.

भेटूया पुढच्या वेळी.