आधी बातमीदार, मग निवेदक

सामना सुरू होण्यापूर्वी टीव्हीच्या पडद्यावर जो माणूस तुमच्याशी बोलतो, त्याला निवेदक म्हणतात. पुढे कोण होणार, असे वर्गात विचारले की अलीकडे एक-दोन हात तरी 'सर, क्रिकेटचा निवेदक!' असे म्हणत वर होतात. का, असे विचारले तर उत्तर ठरलेले असते : आवाज चांगला आहे, न अडखळता बोलता येते. मला हे उत्तर अपुरे वाटते. आवाज हवाच, पण कोणती गोष्ट अजून सांगायची नाही, हे ज्याला कळते त्यालाच मी मोठा निवेदक म्हणेन. तुम्हांला हे पटावे म्हणून एका अमेरिकन निवेदकाची हकिगत सांगतो. त्यांचे नाव जिम मॅके.

मॅके यांचा जन्म १९२१ साली फिलाडेल्फिया शहरात झाला. दुसऱ्या महायुद्धात ते नौदलात होते. युद्ध संपल्यावर बाल्टिमोर शहरातील 'इव्हिनिंग सन' या दैनिकात ते बातमीदार झाले. १९४७ साली त्याच वृत्तपत्राच्या मालकांनी दूरचित्रवाणी केंद्र सुरू केले. त्या केंद्रावरून पहिला आवाज ऐकू आला, तो मॅके यांचा. १९६० च्या रोम ऑलिंपिकच्या वेळी चित्रफिती विमानाने न्यूयॉर्कला येत आणि मॅके तेथील स्टुडिओत बसून प्रेक्षकांना खेळांची माहिती सांगत. १९६१ मध्ये एबीसी वाहिनीवर 'वाइड वर्ल्ड ऑफ स्पोर्ट्स' हा कार्यक्रम सुरू झाला आणि मॅके घरोघरी पोहोचले. मेक्सिकोत अकापुल्कोच्या उंच कड्यावरून समुद्रात सूर मारणारे तरुणही त्यांनी प्रेक्षकांना दाखवले. ज्या खेळाचे नावही लोकांना ठाऊक नाही, तो समजावून सांगायचा म्हणजे आधी स्वतः अभ्यास करावा लागतो. ही सवय त्यांना वृत्तपत्रातच लागलेली होती.

आता १९७२ सालच्या ५ सप्टेंबरकडे या. पश्चिम जर्मनीतील म्युनिक येथे ऑलिंपिक सामने चालू होते. पहाटे 'ब्लॅक सप्टेंबर' संघटनेचे आठ सशस्त्र पॅलेस्टिनी क्रीडाग्रामात शिरले. त्यांनी इस्राएलच्या दोघांना ठार मारले आणि नऊ जणांना ओलीस धरले. इस्राएलच्या तुरुंगांतील कैद्यांना सोडा, अशी त्यांची मागणी होती.

मॅके यांना त्या दिवशी सुट्टी होती. ते पोहण्याच्या तयारीत असताना निरोप आला आणि पोहण्याच्या चड्डीवरच विजार चढवून ते धावले. एबीसीचे मुख्य निवेदक खरे तर दुसरेच होते. पण क्रीडाविभागाचे प्रमुख रून आर्लेज यांनी मॅके यांना बसवले, कारण या माणसाने बातमीदारी केलेली होती. मला ही निवड फार महत्त्वाची वाटते. संकटाच्या वेळी सुरेल आवाज शोधला गेला नाही, जुना बातमीदार शोधला गेला!

मॅके चौदा तासांहून अधिक वेळ कॅमेऱ्यासमोर होते. रात्री ओलिसांना हेलिकॉप्टरने जवळच्या विमानतळावर नेण्यात आले. तेथे गोळीबार झाला. मध्यरात्रीच्या सुमारास बातमी आली, की सर्व ओलीस सुखरूप सुटले. जर्मन सरकारच्या प्रवक्त्यानेही मोहीम यशस्वी झाल्याचे सांगितले. काही वृत्तपत्रांनी तर ते छापलेही. विचार करा, दिवसभर लोक हेच ऐकण्यासाठी जीव मुठीत धरून बसले होते. पण मॅके यांनी ती बातमी पक्की म्हणून सांगितली नाही. ते थांबले. पहाटे तीननंतर खरे काय ते कळले. नऊपैकी एकही वाचला नव्हता. थकलेल्या, शांत स्वरात मॅके यांनी सांगितले, की ते सगळे गेले.

मृतांत डेव्हिड बर्गर नावाचा वजन उचलणारा खेळाडू होता. तो मूळचा अमेरिकेचा. त्याचे आईवडील ओहायो राज्यात राहत. आपला मुलगा जिवंत आहे की नाही हे त्यांना आपल्याच तोंडून कळणार, हा विचार त्या रात्री मनात होता, असे मॅके यांनी पुढे सांगितले. मुलांनो, 'सर्वांत आधी आम्हीच सांगितले' अशी फुशारकी मारणाऱ्यांना समोर असे आईवडील दिसत नसावेत. बातमी उशिरा दिली तर ती शिळी होते, असे म्हणतात. होऊ द्या. शिळी बातमी कोणाच्या घरात खोटा आनंद किंवा खोटे रडणे नेत नाही.

उर्दूतला 'अफवाह' आणि मराठीतला 'अफवा' हे एकच. मूळ अरबी शब्दाचा अर्थ आहे 'तोंडे'. एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाते ती अफवा. आता तिला तोंडही लागत नाही, मोबाईलवर एक बोट पुरते. एका खोट्या निरोपाने मोहल्ल्यातली दुकाने धडाधड बंद होतात, हे तुमच्यापैकी काहींनी पाहिलेच असेल. तो निरोप पुढे पाठवणाराही त्या क्षणी निवेदकच असतो, फक्त त्याला पगार नसतो.

म्युनिकच्या कामासाठी मॅके यांना क्रीडा आणि वृत्त या दोन्ही विभागांचे एमी पुरस्कार मिळाले. दुसऱ्या वाहिनीचे नामवंत वृत्तनिवेदक वॉल्टर क्रॉनकाइट यांनी त्यांना अभिनंदनाची तार पाठवली. मॅके यांनी एकूण बारा ऑलिंपिक सामन्यांचे काम केले. २००२ साली सॉल्ट लेक सिटीच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये ते कॅमेऱ्यासमोर आले, तेव्हा त्यांचे वय ऐंशी होते. ७ जून २००८ रोजी त्यांचे निधन झाले. म्युनिकच्या त्या रात्री हॉटेलवर परतल्यावर कपडे बदलताना त्यांच्या ध्यानात आले होते, की पोहण्याची चड्डी अजून अंगावरच आहे.